मसाई मारा: सफारी आखताना जमीन कोणाची, हे आधी विचारा

केनियातील मसाई माराची सहल आखताना आपल्याकडील बहुतेक जण तीनच गोष्टी विचारतात: सिंह दिसतील का, वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांच्या कळपांचे स्थलांतर पाहायला मिळेल का आणि खर्च किती येईल. चौथा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि माझ्या मते आखणीची सुरुवात त्याच प्रश्नापासून व्हायला हवी. आपण ज्या तंबूत राहणार आहोत तो कोणाच्या जमिनीवर उभा आहे, आणि आपण मोजलेल्या पैशांपैकी त्या जमिनीच्या मालकाच्या हाती काही पडते का? एका सिंहिणीभोवती किती गाड्या उभ्या असतील, अंधार पडल्यावर बाहेर पडता येईल का, पायी फिरता येईल का, हे सारे याच उत्तरावर ठरते. त्या माळावर आणखी वीस वर्षांनी सिंह असतील की नाहीत, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार आहे.

जमिनीचा नकाशा

मसाई मारा या एकाच नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळ्या व्यवस्था नांदतात. पहिली म्हणजे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय राखीव क्षेत्र, ज्याला तिथे सगळे ‘रिझर्व्ह’ म्हणतात. ते नारोक काउंटीच्या सरकारच्या ताब्यात आहे. मारा नदीच्या पश्चिमेकडचा ‘मारा ट्रँगल’ हा भाग मात्र २००१ पासून एक ना-नफा संस्था स्थानिक सरकारच्या वतीने सांभाळते. दक्षिणेला टांझानियाची हद्द लागते आणि तिथून १४,७६३ चौरस किलोमीटरचे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुरू होते. दोहोंच्या मध्ये कुंपण नाही. दुसरी व्यवस्था रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेली आहे. ती जमीन सरकारी नसून मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, आणि प्राणी तिथेही तितक्याच मोकळेपणाने वावरतात. केनियातील वन्यप्राण्यांपैकी साधारण दोन तृतीयांश प्राणी उद्याने आणि राखीव क्षेत्रांच्या बाहेर राहतात असे मानले जाते.

पूर्वी ही जमीन एकेका गटाच्या सामाईक मालकीची होती. त्या गटांना ‘ग्रुप रँच’ म्हणत. पुढे तिची वाटणी होऊन सभासदांच्या नावे स्वतंत्र तुकडे झाले आणि कोयाकी भागात असा एक तुकडा साधारण १५० एकरांचा निघाला. वाटणीनंतर काय होते, हे आपल्याकडील शेतकरी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. एकाने तारेचे कुंपण घातले, दुसऱ्याने जमीन विकली, तिसऱ्याने ती गव्हाच्या कंपनीला कसायला दिली, की प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद होते. माराच्या ईशान्येकडील लोइटा पठारावरून वाइल्डबीस्टचा एक वेगळा, सेरेंगेटीच्या कळपांशी संबंध नसलेला प्रवाह दरवर्षी माराकडे येत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यात सुमारे १ लाख २० हजार प्राणी होते. त्यांच्या विणीच्या माळांवर गव्हाची शेती आली आणि वीस वर्षांत जेमतेम पाचवा हिस्सा उरला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, तरीही १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या गवताळ प्रदेशांतील मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. याचा अर्थ स्पष्ट आहे: ज्याच्या कुरणात झेब्रे चरतात आणि ज्याच्या गोठ्यावर रात्री सिंह येतो, त्याला ते परवडत नसतील, तर कागदावरची बंदी प्राण्यांना वाचवू शकत नाही.

या पेचातून जी वाट निघाली, तिला तिथे ‘कन्झर्व्हन्सी’ म्हणतात. शेजारशेजारचे जमीनमालक आपापले तुकडे एकत्र करून दीर्घ मुदतीच्या, अनेकदा १५ वर्षांच्या, भाडेकराराने देतात. तिथे कॅम्प चालवणाऱ्या कंपन्या प्रत्येक मालकाला एकरी ठरलेले भाडे देतात. पर्यटक भरपूर आले काय किंवा एकही आला नाही काय, ते भाडे ठरल्याप्रमाणे मिळावे, हा कराराचा कणा आहे. मोबदल्यात मालक तिथे शेती करत नाही, कुंपण घालत नाही, कायमचे घर बांधत नाही, आणि गुरे ठरवून दिलेल्या पट्ट्यांत आळीपाळीने चारतो. ओल किन्येई ही माराची पहिली अशी कन्झर्व्हन्सी २००५ मध्ये झाली. त्यानंतर ओलारे ओरोक, मारा नॉर्थ आणि २०१० मध्ये नाबोइशो झाली. मसाईंच्या ‘मा’ भाषेत नाबोइशो म्हणजे एकत्र येणे. तिथे पाचशेहून अधिक मालकांची सुमारे ५० हजार एकर जमीन एकत्र आली आहे. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्याने कन्झर्व्हन्सीला अधिकृत मान्यता दिली, आणि आज मारा परिसरात अशा वीसहून अधिक संस्था आहेत.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, आणि पर्यटकाने तसे समजूनही जाऊ नये. भाडे ज्याच्या नावावर सातबारा, म्हणजे तिथले मालकीपत्र, आहे त्यालाच मिळते, आणि बहुतेक मालकीपत्रे पुरुषांच्या नावावर आहेत. त्यामुळे स्त्रिया आणि भूमिहीन कुटुंबे या पैशापासून दूर राहतात. सुरुवातीला काही वस्त्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या आणि चराईवरून वाद झाले. त्यांतूनच आळीपाळीच्या चराईची पद्धत रुजली. २०२० मध्ये करोनामुळे पर्यटन थांबले, तेव्हा अनेक ठिकाणी भाड्यात कपात करावी लागली आणि केवळ पर्यटनावर उभी असलेली ही रचना किती नाजूक आहे, हे सर्वांनाच कळले. एवढे असूनही, दर महिन्याला येणारे भाडे हे माझ्या समजुतीप्रमाणे कुंपणाविरुद्धचे आजवरचे सर्वांत प्रभावी कारण आहे. म्हणून आपले पैसे त्या भाड्यात जातात की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

कॅम्प निवडताना काय विचारावे

जाहिरातींत ‘मसाई मारा’ एवढेच लिहिलेले असते. सेकेनानी आणि तालेक या प्रवेशद्वारांच्या बाहेर कितीतरी कॅम्प आहेत, जे रिझर्व्हमध्येही नाहीत आणि कोणत्या कन्झर्व्हन्सीतही नाहीत. त्यांपैकी काही चांगले आहेत, पण तिथल्या मुक्कामातून भाडेकरार चालत नाही. म्हणून सहल कंपनीला पहिला प्रश्न असा विचारा की कॅम्प नेमका कुठे आहे, आणि कन्झर्व्हन्सीत असल्यास तिचे नाव काय. नाव सांगता येत नसेल, तर पुढची चौकशी थेट कॅम्पकडे करणे उत्तम. दुसरा प्रश्न शुल्काचा. कन्झर्व्हन्सीचे शुल्क दर रात्री, दर माणशी आकारले जाते आणि अनेक ठिकाणी ते शंभर डॉलरहून अधिक असते. दरपत्रकात ते वेगळे दाखवलेले असले, तर ते जमीनमालकांच्या भाड्याकडे जाते का, हे विचारायला संकोच करू नका. चांगले व्यवस्थापक हा प्रश्न आनंदाने ऐकतात, कारण उत्तर देण्यासारखे त्यांच्याजवळ काही असते.

तिसरा प्रश्न गर्दीचा आहे, आणि इथे आपला स्वार्थ आणि संवर्धन यांचा मेळ बसतो. कन्झर्व्हन्सीत तंबूंची संख्या जमिनीच्या प्रमाणात बांधलेली असते; ओलारे मोतोरोगीत ७०० एकरांमागे एक तंबू हे प्रमाण ठरवले गेले. एका प्राण्याजवळ एका वेळी पाचपेक्षा अधिक गाड्या थांबू नयेत असा नियम असतो, आणि त्या कन्झर्व्हन्सीतील कॅम्पमध्ये राहणाऱ्या पाहुण्यांखेरीज इतरांच्या गाड्या आत येत नाहीत. रात्रीची फेरी आणि पायी भ्रमंती या दोन गोष्टी रिझर्व्हमध्ये करता येत नाहीत, कन्झर्व्हन्सीत करता येतात. वाट सोडून गाडी नेण्याची मुभाही तिथे जपून का होईना, पण असते.

चौथा प्रश्न गाइडचा. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन ही संस्था परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा श्रेणी देते. गाइडची श्रेणी कोणती, आणि तो त्याच परिसरातला आहे का, हे दोन्ही विचारा. नाबोइशोच्या परिसरात २००५ पासून स्थानिक मसाई तरुण-तरुणींना गाइडचे शिक्षण देणारी शाळा चालत आली आहे, आणि तिथून शिकलेले अनेक जण जमीनमालकांचीच मुले आहेत. लहानपणी याच माळावर गुरे राखलेल्या माणसाची नजर आणि पुस्तक वाचून आलेल्या माणसाची नजर यांत जो फरक असतो, तो पहिल्या तासातच जाणवतो. गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळेल का, हेही आधीच पक्के करा. नऊ जणांच्या व्हॅनमधून पाहिलेला चित्ता आणि मोकळ्या लँड क्रूझरमधून पाहिलेला चित्ता यांची तुलना होऊ शकत नाही.

खर्च वाढतो, हे खरे आहे. त्यावर माझा सल्ला असा की पाच दिवसांत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मारा असा धावता दौरा करण्याऐवजी तीन-चार रात्री एकाच कन्झर्व्हन्सीत काढाव्यात आणि त्यातला एक दिवस रिझर्व्हसाठी ठेवावा. रिझर्व्हचे शुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकासाठी जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर झाले आहे, आणि ते तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळेचे असते. म्हणजे रिझर्व्हमध्ये घालवलेला प्रत्येक अनावश्यक दिवस महागच पडतो. निघण्यापूर्वी दर पुन्हा तपासून घ्या.

कधी जावे

सेरेंगेटी-मारा परिसंस्थेत सुमारे १३ लाख वाइल्डबीस्ट आणि लाखो झेब्रे व हरणे पावसामागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात ते दक्षिण सेरेंगेटीत विणीसाठी असतात, आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांतले बरेच कळप मारात येतात. आपल्याकडे गणपतीचे दिवस असतात, तेव्हा मारा नदीवर कळप पार होताना दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि गाड्यांची गर्दीही. मे महिन्याची सुट्टी या सहलीसाठी सोयीची नाही, कारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो आणि माराची माती आपल्या दख्खनच्या रेगूर मातीसारखीच काळी व चिकट आहे. पावसात तिच्यात गाडीची चाके रुततात. दिवाळीच्या सुट्टीत छोट्या पावसाचे दिवस गाठ पडू शकतात, तो मात्र सहसा सरींनी येतो आणि त्याने फारसे अडत नाही.

नदी ओलांडणारे कळप हेच ज्यांचे एकमेव ध्येय नाही, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी किंवा जूनचा विचार करावा. सिंह, बिबटे, चित्ते, तरस, हत्ती, जिराफ हे सारे कन्झर्व्हन्सीत बाराही महिने राहतात. गवत आखूड असले की चित्ता लांबून दिसतो. शिवाय मंदीच्या महिन्यांतही कॅम्पला भाडे द्यावेच लागते, त्यामुळे तेव्हा गेलेल्या पाहुण्याचा आधार अधिक मोलाचा असतो.

निघण्यापूर्वी

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सर्वांत आधी घ्या. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, म्हणून महिनाभर आधी वेळ ठरवावी. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे, त्यासाठीही आधी अर्ज करावा लागतो.

चिवडा, लाडू आणि भाकरवडी नेणाऱ्यांसाठी एक सूचना फार महत्त्वाची आहे. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने व संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकलाही मनाई आहे. फराळ डब्यांत भरा, कपडे कापडी पिशव्यांत गुंडाळा आणि पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्या. ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच अडकतो.

नैरोबीहून सेकेनानीपर्यंत रस्त्याने पाच ते सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने गेल्यास साधारण पाऊण तासात पोहोचता येते, पण सामानाची मर्यादा सहसा १५ किलोंची असते आणि बॅग मऊ असावी लागते. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर किंवा त्याहून उंच आहे, त्यामुळे पहाटेच्या फेरीला स्वेटर आणि कानटोपी लागते, आणि अकरा वाजता त्याच गाडीत ऊन भाजते. कपडे मातकट किंवा फिकट हिरव्या रंगाचे असावेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे चावणारी त्सेत्से माशी आकर्षित होते. प्रत्येकाकडे स्वतःची दुर्बीण असावी, ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, असली तर फारच उत्तम. कॅमेऱ्यावर खर्च करणारे पुष्कळ जण दुर्बिणीला नको म्हणतात, आणि तिथे गेल्यावर सर्वांत जास्त खंत त्याचीच करतात. शाकाहारी जेवणाची अडचण पडत नाही. केनियात भारतीय वस्ती जुनी आहे आणि आधी कळवल्यास कॅम्पमध्ये तशी सोय होते.

प्राणी कसे पाहावेत

स्वाहिली ‘सफारी’ आणि आपली ‘सफर’ या दोन्ही शब्दांचे मूळ अरबीत आहे, आणि दोहोंचा अर्थ प्रवास. हे ध्यानात ठेवले, तर गाडीतून निघाल्याबरोबर ‘आज काय काय दिसणार?’ अशी यादी डोक्यात घेऊन बसण्याची सवय सुटायला मदत होते.

पहाटे साडेसहाच्या सुमारास निघा, आणि गाइडला सांगा की आम्हाला घाई नाही. या एका वाक्याने त्याचा दिवस बदलतो, कारण बहुतेक पाहुणे त्याच्याकडून सिंह, बिबट्या, गेंडा अशी भराभर वसुली करत असतात आणि तो रेडिओवरच्या आवाजामागे धावत राहतो. ताडोब्यात वाघाच्या बातमीमागे जिप्सींची रांग लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्याऐवजी माळ वाचायला शिका. टोपी नावाचे तांबूस-तपकिरी हरीण वारुळावर उभे राहून एकाच दिशेला टक लावून पाहत असेल, तर तिकडे काहीतरी आहे. जिराफांचा कळप एकाच बाजूला माना वळवून स्तब्ध झाला असेल, तरी तेच. गिधाडे झाडांवर बसून खाली पाहत असतील, तर शिकारीजवळ बहुधा अजून सिंह आहेत; ती एकापाठोपाठ खाली उतरत असतील, तर खाणारे निघून गेले असण्याची शक्यता जास्त. नदीकाठच्या उंबरवर्गीय मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्यांवर नजर फिरवा आणि लोंबणारी शेपटी शोधा. बिबट्या पुष्कळदा असाच सापडतो.

थांबलात की इंजिन बंद करायला सांगा. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, म्हणून झोपलेल्या सिंहापाशी दोन मिनिटे थांबून पुढे जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. ऊन उतरताना त्याच कळपाजवळ तासभर बसणाऱ्याला आळस, पिलांची मस्ती, एकमेकांना चाटणे आणि मग हळूहळू शिकारीला निघणे, असा सारा क्रम पाहायला मिळतो. तरसाकडे तुच्छतेने पाहू नका. त्यांच्या टोळीत मादीचे राज्य असते, हुद्दा आईकडून पिलाला मिळतो, आणि मारातील ठिपकेवाल्या तरसांचा अभ्यास १९८८ पासून अखंड चालू आहे. पहाटे त्यांच्या बिळापाशी गेलात, तर काळी कुळकुळीत पिले बाहेर येऊन गाडीचे चाक हुंगतात. हत्तीने कान पसरून डोके उंचावले, किंवा नराच्या गालावरून मदाचा ओघळ दिसला, तर गाडी मागे घेण्याचा निर्णय गाइडचा असतो, आणि त्याला ‘अजून थोडे जवळ’ असे म्हणणे चूक आहे.

चित्त्याच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. चित्ता दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांचा त्रास त्यालाच सर्वाधिक होतो. मारातील चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागांत मादी दर वेतामागे सरासरी २.३ पिले मोठी करू शकत होती, आणि वर्दळ जास्त असलेल्या भागांत केवळ ०.२. हा आकडा मी जेव्हा वाचला, तेव्हापासून पिलांसह असलेल्या मादीजवळ गाड्यांची गर्दी झाली की तिथून निघून जावे, असेच मी प्रत्येकाला सांगतो. ती शिकारीच्या पवित्र्यात असेल, तर तिच्या आणि हरणाच्या मध्ये गाडी कधीही येऊ देऊ नका. पाच गाड्या आधीच उभ्या असतील तर लांब थांबून आपल्या पाळीची वाट पाहा, आणि मागे कोणी थांबले असेल तर दहा मिनिटांत जागा सोडा. गाइड बक्षिसीच्या आशेने किंवा पाहुण्यांच्या रेट्याने नियम मोडत असेल, तर ‘आम्हाला एवढे जवळ जायचे नाही’ हे शब्द पाहुण्याच्याच तोंडून यावे लागतात. त्याशिवाय त्याची सुटका होत नाही.

नदीवर हीच शिस्त दुप्पट लागते. वाइल्डबीस्टचा कळप काठावर येतो, मागे फिरतो, पुन्हा येतो, आणि हे तासन्‌तास चालू शकते. काठाला गाड्या भिडल्या तर कळप उतरण्याची जागा बदलतो, किंवा चढायला कठीण अशा उभ्या कड्याकडे वळतो आणि तिथे चेंगराचेंगरीत व मगरींच्या तोंडी जास्त प्राणी जातात. पहिले प्राणी पाण्यात उतरून प्रवाह सुरू होईपर्यंत काठापासून बरेच मागे थांबावे. पलीकडच्या, म्हणजे चढण्याच्या बाजूला तर कोणीच वाट अडवू नये. गाडीतून खाली उतरू नका, टपावर चढू नका.

कन्झर्व्हन्सीतील रात्रीच्या फेरीत लाल काच लावलेला दिवा वापरावा, कारण त्याने प्राण्यांचे डोळे कमी दिपतात. उड्या मारणारा स्प्रिंगहेअर, उदमांजरासारखे जेनेट व सिव्हेट आणि नशीब असेल तर वाळवी खाणारा आर्डवार्क दिसतो. पायी भ्रमंती मात्र मला सर्वांत मोलाची वाटते. एका ओळीत, न बोलता, बंदूकधारी रक्षकाच्या मागे चालताना सिंह दिसला नाही तरी चालते. शेणातले किडे, वाळवीची वारुळे, कोणत्या झाडाची काडी दात घासायला चालते आणि कोणत्या पानाने गुरांची जखम भरते, हे मसाई गाइड तिथे सांगतो, आणि हा माळ प्राण्यांइतकाच गुराख्यांनीही घडवला आहे हे पायाखाली कळते. फेरीत गुरे आडवी आली तर नाक मुरडू नका. नीट आखलेल्या चराईमुळे गवत आखूड आणि कोवळे राहते, आणि त्यामागे हरणे येतात.

वस्तीवर जाताना

मसाई वस्ती दाखवण्याचे कार्यक्रम प्रवेशद्वारांजवळ ठेवलेले असतात, आणि त्यांतील प्रवेशशुल्काचा मोठा वाटा पूर्वी कित्येकदा चालकांच्याच खिशात जात असे. म्हणून पैसे कोणाला आणि किती द्यायचे, हे आधी विचारून ते शक्यतो वस्तीच्या प्रमुखाच्या हाती द्यावेत. कॅम्पमधल्या एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या घरी नेले, तर ती भेट नाचगाण्याच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी खरी असते. गेल्यावर ‘सोपा’ असे अभिवादन करा, समोरून ‘इपा’ असे उत्तर येईल. हा शब्द मराठी माणसाच्या लक्षात राहायला अवघड नाही. निघताना ‘आशे ओलेंग’ म्हणजे मनःपूर्वक आभार.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना गोळ्या, पेन किंवा पैसे वाटू नका. त्याने मुले शाळा सोडून गाड्यांमागे धावायला लागतात. काही द्यायचेच असेल, तर कॅम्पमार्फत शाळेला नेमके काय हवे हे विचारून द्या. मण्यांचे दागिने घेताना ते स्त्रियांच्या हातून थेट घ्या, किंवा मा ट्रस्टसारख्या संस्थेच्या मणिकाम केंद्रातून घ्या. जमिनीचे भाडे बहुतेक घरांत पुरुषाच्या खात्यावर येते हे वर सांगितलेच. मण्यांचा आणि मधाचा पैसा मात्र बाईच्या हाती राहतो.

सिंहाने गाय मारली तर काय करता, हे अवश्य विचारा, आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. मसाई माणसासाठी गाय म्हणजे बँकेतली ठेव, लग्नातला आहेर आणि पोरांचे दूध एकाच वेळी असते. गोठ्याला जाळीचे पक्के कुंपण, रात्री लुकलुकणारे दिवे असे उपाय त्यातून आले. असे दिवे रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाने नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आपल्या वडिलांची गुरे वाचवण्यासाठी बनवले होते. अंबोसेलीकडे २००७ पासून ‘लायन गार्डियन्स’ हा उपक्रम मसाई तरुणांनाच सिंहांचा माग काढण्याचे काम पगारी देतो, आणि तिथेच २०१२ पासून सिंहाच्या शिकारीऐवजी भालाफेक, धावणे आणि उंच उडीच्या स्पर्धांत तरुणांना आपले शौर्य दाखवता येते. अंबोसेलीला जाणार असाल, तर या कामाबद्दल तिथल्या गाइडला विचारा. ज्यांना मारापेक्षा निर्जन प्रदेश आवडतो, त्यांच्यासाठी नामिबिया आहे. १९९६ च्या कायद्याने तिथल्या गावकऱ्यांना वन्यजीवांवरचे अधिकार दिले, १९९८ मध्ये पहिल्या कन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या आणि आज त्यांची संख्या ऐंशीच्या वर आहे.

परत आल्यावर

अभिप्राय लिहिताना कॅम्पच्या नावाबरोबर कन्झर्व्हन्सीचे आणि आपल्या भागातील सहल कंपनीचेही नाव लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला पहिला प्रश्न विचारणे सोपे जाईल. सिंहाचे चांगले, बाजूने काढलेले छायाचित्र असेल तर ते कॅम्पमार्फत मारातील अभ्यासकांना पाठवा. मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांच्या रचनेवरून ते प्रत्येक सिंह ओळखतात. गेंड्याची छायाचित्रे मात्र कुठेही टाकण्यापूर्वी त्यांतली ठिकाणाची नोंद काढून टाका, कारण फोन ती आपोआप जोडतो आणि शिंगाच्या मागावर असलेला माणूस ती वाचू शकतो.